हात केव्हा सोडावा?

धरलेले सोडावे, हे सगळेच सांगतात. पण केव्हा सोडावे, हे सांगणारा विरळा. आणि सारी अडचण त्या 'केव्हा'तच आहे. मला याचे उत्तर एका ड्रायव्हरने दिले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही लातूरची माणसे. गाडी शिकलो ती सपाट रस्त्यावर. सपाटीवर थांबलेल्या गाडीच्या ब्रेकवरून पाय काढला तरी ती जागीच राहते. पुढे एकदा नांदेडमार्गे माहूरला गेलो. रेणुकामातेच्या गडाच्या चढावर पुढची एस.टी. थांबली, म्हणून आम्हीही थांबलो. मागे पायी चढणारी मंडळी. त्यांत एक म्हातारी नातवाचे बोट धरून. एस.टी. हलली. मी घाईने ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागे घसरली! एकच ओरड झाली. म्हातारीने पोराला ओढून घेतले म्हणून निभावले. माझे हातपाय गार पडले.

शेजारी उभा जन्म ट्रकवर काढलेले काका होते. ते म्हणाले, "भाऊ, आधी हँडब्रेक ओढा. आता क्लच दाबून पहिला गिअर टाका. थोडी रेस द्या अन् क्लच हळूहळू वर येऊ द्या. इंजिनाचा आवाज जड व्हतो, गाडीचं तोंड जरासं उचलतं. तवा समजायचं, गाडीनं चढ अंगावर घेतला. मंग हँडब्रेक सोडा. त्याच्या आधी न्हाई, अन् लई उशिराबी न्हाई."

तसे केले आणि गाडी तसूभरही मागे न येता चढली.

यातले मर्म असे. क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. तो वर येऊ लागला की आतल्या तबकड्या टेकतात, आधी घसरतात, मग पकड घेतात. एकदम सोडला तर इंजिन बंद पडते. अर्धवट दाबून फार वेळ धरला तर तबकडीचे अस्तर जळून वास सुटतो. हल्लीच्या काही गाड्या चढावर दोन-तीन सेकंद आपोआप ब्रेक धरून ठेवतात. माणसाच्या आयुष्याला मात्र तशी सोय अजून निघालेली नाही.

आता आपल्याकडे पाहू. एकजण वैराग्याच्या भरात नोकरी सोडतो. आत ओढ लागलेली नसते, नुसता कंटाळा असतो. चार महिन्यांत तो होता त्याच्याही खाली येतो. आणि तो एकटा घसरत नाही, मागे बायकापोरे उभी असतात. दिंडीत चालणाऱ्याला हे सांगायला नको. पुढचा मागे सरला की पाय मागच्याचा चेंगरतो. उलट दुसरा पाहा. मुले कर्ती झाली, सुना आल्या, तरी तिजोरीची किल्ली कंबरेची सुटत नाही. तो घसरत नाही खरा, पण चढतही नाही. जागच्या जागी जळतो, आणि त्याचा वास घरभर होतो.

कोणी म्हणेल, "मग ओढ लागेपर्यंत थांबतो की!" थांबा, पण काकांचे बोलणे नीट आठवा. हँडब्रेक ओढलेला असताना पाय स्वस्थ नव्हते. रेस चालू होती, क्लच वर येत होता. धरलेल्या स्थितीतच उद्योग सुरू हवा. हात ब्रेकवर आणि पायही निवांत, याला वाट पाहणे म्हणत नाहीत. तो मुक्काम झाला. नेमाने काही करीत राहावे. एके दिवशी आतला आवाज जड होतो, तोंड उचलते, आणि धरून ठेवलेलेच अडसर वाटू लागते. ती सोडण्याची वेळ.

म्हणून सोडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या: आत ओढ लागली का, आणि मागे कोण उभे आहे. मला तर अजून त्या म्हातारीचा चेहरा दिसतो.