काचेच्या पेटीतला समुद्र



धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर सहावीतला एक मुलगा व्हरांड्यात रेंगाळत होता. त्याला पापनिवेदन करायचे होते, पण आपल्या हातून घडले ते पाप आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हते. (हे संभाषण व्हरांड्यातले आहे, पापनिवेदनातले नव्हे, आणि त्याच्या आईवडिलांना विचारूनच मी ते लिहीत आहे.) वाढदिवसाला त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची फिश टँक आली होती. दोन 'निमो' मासे, एक समुद्रफूल आणि थोडे दगड. पंधरा दिवसांत सगळे मेले.

"फादर, आम्ही घरी रोज मासे खातो. बोंबील मेला म्हणून मला कधी रडू आलं नाही. मग आताच का येतं?"

मी सोपे उत्तर दिले. "मुद्दाम मारलेस का? नाही ना? मग पाप नाही. जा, खेळ." तो गेला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही नाही.

आपला धर्मग्राम समुद्रकाठचा. निम्म्या घरांचे पोट होडीवर चालते. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर मासा खाल्ला आणि सरोवराच्या काठी स्वतः निखाऱ्यांवर मासे भाजून त्यांची वाट पाहिली. मासे खाण्यात ख्रिस्तसभेने कधी पाप मानलेले नाही. तेव्हा त्या मुलाची बोच केवळ मरणाची नव्हती.

खाणे आणि पाळणे ही दोन निराळी कामे आहेत. जाळ्यात सापडलेला बोंबील शेवटच्या क्षणापर्यंत स्वतःच्या समुद्रात, स्वतःच्या रीतीने जगलेला असतो. आपण घेतो ते त्याचे मरण. पाळलेल्या माशाचे मात्र आपण सारे जगणे हाती घेतो. त्याचा उजेड, त्याचे मीठ, त्याची ऊब, त्याचे अन्न, त्याची सोबत, सगळे त्या दिवसापासून आपल्यावर. आपण त्याचा समुद्र काढून घेतलेला असतो, म्हणून आता त्याचा समुद्र आपल्यालाच व्हावे लागते. आणि समुद्र होणे किती कठीण आहे, याची चौकशी मी नंतर केली तेव्हा थक्क झालो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते, पण मीठ मागेच राहते, म्हणजे पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होते. त्यात भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. त्या मुलाचे वडील बिचारे रोज मिठाचे पाणी ओतत होते! माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो, टाकीत तो विष ठरतो. सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक असे नायट्रेट करतात, पण या जीवाणूंची वस्ती नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या या घरी शनिवारी पाणी भरले आणि रविवारी मासे सोडले. समुद्रफूल तर फूल नव्हेच, तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यावर त्याचे बरेचसे पोषण होते. साध्या ट्यूबलाइटखाली ते हळूहळू उपाशी राहते, पांढरे पडते आणि मेले की सगळ्या टाकीचे पाणी नासवते. शिवाय वीज गेली की पंप बंद आणि पाण्यातला प्राणवायू कमी. आपल्याकडे वादळी पावसात वीज किती वेळ जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यातले काहीही दुकानदाराने सांगितले नाही आणि वडिलांनी विचारले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला अज्ञानाचे दोन प्रकार शिकवले होते. एक, जे माणसाला दूर करता येण्यासारखे नसते. दुसरे, जे दूर करता आले असते, पण त्याने तेवढे कष्ट घेतले नाहीत. पहिल्याने दोष लागत नाही. दुसऱ्याने दोष कमी होतो, पण पुसला जात नाही. बैल विकत घेणारा शेतकरी वैरणीची आणि गोठ्याची सोय आधी पाहतो. काही शेकड्यांचा मासा घेताना आपण विचारत नाही, कारण मेला तर दुसरा आणता येतो. म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी किमतीच्या चिठ्ठीवर चालते की काय?

मी त्या मुलाला म्हणालो ते अर्धेच खरे होते. त्याचा दोष नव्हता, पण आम्हा मोठ्यांचा होता.

तर मग पाळूच नये का? तसे मी म्हणणार नाही. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण माणसाला प्राणी पाळायची मुभा देते आणि त्याच वेळी त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्याच प्रतिष्ठेला शोभत नाही असेही बजावते. आणि पाळता येते, याचा एक नामी पुरावा आहे. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी 1828 साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणले आणि काचेच्या साध्या भांड्यात ठेवले. ना पंप, ना यंत्र. समुद्राचे पाणी बदलत राहायचे आणि बेताने खाऊ घालायचे. डॅलिएल 1851 साली वारले. समुद्रफूल एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिले. लोक त्याला 'आजी' म्हणू लागले. ते मेले 1887 साली, म्हणजे आणल्यापासून 59 वर्षांनी! जे आपण वाढदिवसाची भेट म्हणून घरी आणतो, ते आपल्यामागेही जगू शकते.

त्याच शतकातला दुसरा माणूस मला अधिक अस्वस्थ करतो. इंग्लंडचे फिलिप हेन्री गॉस अत्यंत धार्मिक, स्वतः प्रवचने देणारे. खडकातल्या डबक्यातल्या प्रत्येक जीवात त्यांना निर्मात्याचा हात दिसे. 1854 साली त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टाकीवर पुस्तक लिहिले. ते इतके आवडले की लोक किनाऱ्यांवर तुटून पडले आणि ज्या डबक्यांचे त्यांनी वर्णन केले होते, ती उजाड होऊन गेली. त्यांचा मुलगा एडमंड याने 1907 साली आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे, आणि याचे वडिलांना किती दुःख होते तेही. गॉस क्रूर नव्हते. त्यांचे प्रेम खरे होते, भक्ती खरी होती, आणि तरीही हे झाले. संत ऑगस्टीन वापरण्याच्या वस्तू आणि ज्यात रमावे ते, असा भेद करतात. रमावे ते परमेश्वरात, इतर सारे त्याच्याकडे नेणारी वाट. पण वाट आवडली म्हणून उचलून घरी आणायचा मोह फार जुना आहे.

आज तो किनारा आपल्यापासून दूर आहे, एवढाच फरक. फिलिपाइन्समध्ये, जिथे बहुसंख्य लोक आपल्यासारखेच कॅथोलिक आहेत, 1960च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला प्रवाळात सायनाईडचे पाणी फवारले जाऊ लागले. मासा गुंगतो, हाती लागतो, पुष्कळदा नंतर मरतो, आणि प्रवाळही मरते. तिथे कायद्याने त्याला बंदी आहे. गरीब पाणबुड्याला मी दोष देत बसणार नाही. पण मुंबईच्या दुकानात मासा पाहून तो कसा पकडला हे ओळखता येत नाही, म्हणून विचारावे लागते. निमो मासे टाकीतच पैदास केलेले मिळू शकतात, तेच मागावेत. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवतीचा एक देखणा मासा, ज्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो, तो या व्यापारामुळे 2007 साली धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. त्याचीही पैदास आता टाकीत होते. आपल्या समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 साली वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आले. ते कोणी विकत असेल तर तो गुन्हा आहे.

(आणि टाकीवाल्याकडे बोट दाखवताना आपल्या टोपलीतली बोटभर पापलेटे आठवावीत. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

उत्पत्तीच्या पुस्तकातील एक गोष्ट माझ्या ध्यानात इतकी वर्षे आली नव्हती. बायबलमधला पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही. तो पाचव्या दिवशी मिळाला, पाण्यातल्या जीवांना आणि पाखरांना: फळावे, वाढावे, समुद्र भरून टाकावा. आपली पाळी सहाव्या दिवशी आली. आपल्याला सत्ता मिळाली ती आधीच आशीर्वाद मिळालेल्यांवर. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, परमेश्वराचा चांगुलपणा कुठल्याही एका जीवात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव घडवले. असे पाहिले तर त्या दोन इंचांच्या केशरी माशाकडे त्या चांगुलपणाचा जो वाटा होता, तो माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले नाही. फक्त त्याच्या घरी गेलो आणि त्याची माफी मागितली. टाकी गॅलरीत रिकामी पडली होती. वडील ती विकायला निघाले होते, मुलाला ती हवी होती. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरले की मीठ मोजून पाणी भरायचे, पंप चालू ठेवायचा आणि सहा आठवडे एकही जीव आणायचा नाही. जीवाणूंना अन्न हवे म्हणून आईने कालवणाला आणलेल्या कोळंबीतला एक तुकडा दिला, तो आत टाकला आहे. त्यानंतर पाणी तपासायचे, ते ठीक असेल तरच टाकीत पैदास झालेले दोन मासे. समुद्रफूल या वर्षी नाही.

आज अठरावा दिवस. टाकीच्या काचेवर पेनाने एक रेघ ओढलेली आहे. शाळेत जाण्यापूर्वी तो पाणी किती उतरले ते पाहतो आणि त्या रेघेपर्यंत तांब्याने गोडे पाणी घालतो. परवा आई म्हणाली, "फादर, आत काहीच नाही, तरी पंधरा-पंधरा मिनिटं बघत बसतो."