हाक आणि दोर

माळावर दूर गेलेला कुत्रा मेंढपाळाची हाक ऐकून धावत परततो. गळ्यात दोर नसताना त्याला कोण ओढून आणते?

ही सवय लावण्याची रीत साधी आहे. आरंभी लांब दोर बांधून थोड्या अंतरावरून हाक द्यावी. आला की तत्क्षणी भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यावी. अंतर हळूहळू वाढवावे. एक पथ्य मात्र मोडू नये : कितीही उशिरा आला तरी आलेल्याला मारू नये. आपण पळाल्याची शिक्षा देतो. तो मात्र शिकतो, की जवळ गेले की मार बसतो.

माणूस काही कुत्रा नव्हे. तो दिलेला शब्द जाणतो. म्हणूनच औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभारली. तेथे तटबंदी नव्हती. कैदी शेती करीत, कुटुंबासह राहत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला. तेथेही दोर होता तो विश्वासाचा, आणि त्याचे पहिले टोक होते विश्वास टाकणाऱ्याच्या हाती.

आमच्या घरांत काय घडते? चूक करून उशिरा परतलेल्या लेकराला आम्ही उंबऱ्यावरच फटकारतो, आणि पुढे ते आमच्यापासून लपू लागले की त्यालाच दोष देतो. चूक दाखवावी, अवश्य दाखवावी. परंतु आधी त्याला घरात घ्यावे, जेवू घालावे. परतणे हा अपराध नव्हे, हे त्याला प्रथम कळू द्यावे.