सहीपूर्वीचे वाचन

नागपुराच्या सिव्हिल लाइन्समध्ये ज्यांची उमेद खर्ची पडली, त्यांना कागदाचे माहात्म्य सांगावे लागत नाही. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन हे शहर त्याची राजधानी झाले, तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत येथील कितीतरी कुटुंबे टिपण, मसुदा, आवक-जावक आणि दफ्तर यांच्याच आधाराने नांदली. आणि पुढे राजधानीचा मान गेला, तरी आयुक्तालय व उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे असल्यामुळे आपली कैफियत घेऊन येणाऱ्या माणसांचा ओघ आटला नाही.

आता त्या कैफियतींपैकी पुष्कळशा संगणकावरून येतात, आणि त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. सिरोंच्याच्या शेतकऱ्याचा एक हेलपाटा वाचणे म्हणजे त्याची दोन दिवसांची मजुरी वाचणे होय. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत लावून दिली, आणि अर्ज नामंजूर करावयाचा तर त्याची कारणे लेखी नमूद करण्याचे बंधन अधिकाऱ्यावर घातले, हेही योग्यच झाले. परंतु कायद्याला दिवस मोजता येतात; अर्ज वाचला गेला की नाही, हे कोणत्या मापाने मोजावे?

एखादा वाटणीचा अर्ज पाहा. रकान्यांत गट क्रमांक, क्षेत्र, सहहिस्सेदारांची नावे. आणि एका हिस्सेदाराच्या संमतीची जागा कोरी. छाननी करणाऱ्याच्या दृष्टीने एवढ्यावर ‘अपूर्ण’ हा शेरा सिद्ध होतो. मात्र जोडपत्राच्या तिसऱ्या पानावर, अर्जनवीसाने नव्हे तर स्वतः अर्जदार बाईने वळणदार नसलेल्या अक्षरांत लिहिलेले असते की, धाकटा दीर मजुरीला परमुलखात गेला तो परतला नाही, त्याचा ठावठिकाणा नाही, तर सही कोणाची आणावी? नियम तिच्या बाजूने नसेलही. पण तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याचा तिचा हक्क त्यामुळे बुडत नाही. आता तर दीर्घ मजकुराचा तीन ओळींत गोषवारा करून देणारी यंत्रे हाताशी आली आहेत, आणि माझी भीती अशी की असे तिसरे पान त्या तीन ओळींत येणारच नाही. गोषवारा यंत्राने करावा; सही ज्याची, वाचन त्याचेच असले पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

या संदर्भात डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांचे स्मरण होते. १९१६ साली महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी जे मंडळ उभे राहिले, ते नागपूरचे. कचेरी पुढे पुण्यास गेली, तरी मंडळाच्या नावापुढे नागपूर राहिले. तेवीस खंडांचा तो संसार मांडताना केतकरांनी पहिले पाच खंड केवळ प्रस्तावनेला दिले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. एवढी पूर्वपीठिका सिद्ध झाल्यावाचून ‘अ’ या अक्षराला हात घालावयाचा नाही, ही त्या कामाची शिस्त होती. भागधारकांचा पैसा गुंतलेला आणि द्रव्याची चणचण पाठीशी असतानाही ती त्यांनी मोडली नाही. तो ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने संगणकावर आणला, म्हणून आज धंतोलीतला विद्यार्थी तो खिशातल्या फोनवर उघडू शकतो. यंत्र वाचनाचे वैरी आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे म्हणूनच जमत नाही.

वैर आहे ते घाईचे, आणि त्या घाईचा दोष एकट्या कारकुनावर टाकणे अन्यायाचे होईल. यंत्राने त्याचा जो वेळ वाचवला, तो रिकाम्या राहिलेल्या पदांच्या कामाने आणि रात्री उशिरापर्यंत येणाऱ्या वरिष्ठांच्या संदेशांनी गिळून टाकला. तो वेळ वाचनासाठी राखून ठेवणे हे कार्यालयप्रमुखांचे कर्तव्य आहे.

तेव्हा ज्यांच्या लेखणीत अर्ज नामंजूर करण्याचा अधिकार आहे, अशा या स्तंभाच्या वाचकांना माझी विनंती एवढीच की, उद्या तो शेरा लिहिण्यापूर्वी शेवटचे जोडपत्र उघडावे, आणि त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कारणांमध्ये एका वाक्याने तरी द्यावे.