आवाज कशाबरोबर चढतो

जुलैच्या रविवारी लोणावळ्याच्या बाजारातून भुशीच्या धरणाकडे निघालं की गाडी चालत नाही, सरकते. पहिला गिअर, दहा फूट, ब्रेक. पुन्हा पहिला गिअर. पाऊस जरा उघडला म्हणून आम्ही काच खाली केली, तर भज्यांच्या आणि भाजल्या कणसांच्या वासाबरोबर एक बारीक 'कुईं' आत आली. थोडी रेस दिली की ती चढायची, पाय काढला की उतरायची. "अहो, ही आपलीच गाडी का?" बायकोने विचारलं. आपलीच होती. त्याहून वाईट म्हणजे हा आवाज मला ओळखीचा होता. तीन आठवड्यांपूर्वी याच आवाजासाठी एका गॅरेजमध्ये अल्टरनेटर बदलून घेतला होता.

तिथे काय चुकलं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. बॉनेट उघडून आम्ही दोघं, म्हणजे मेकॅनिक आणि मी, आत वाकलो होतो आणि दोघांच्याही मनात एकच प्रश्न होता: आवाज येतोय कुठून? कान अल्टरनेटरकडे गेला, म्हणून अल्टरनेटर गेला. पण बॉनेटखाली 'कुठून' या प्रश्नाला कान नीट उत्तर देऊ शकत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पोलादात पाच हजार मीटरच्या वर. एका बेअरिंगची थरथर ब्रॅकेटमधून इंजिनाच्या अंगात शिरते आणि जिथे एखादं पातळ आवरण किंवा पोकळ भाग मिळेल तिथून बाहेर पडते. वीणेची तार खुंटीला बांधलेली असते, पण नाद भोपळ्यातून येतो; तसंच हे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागाला टेकवून मूठ कानाशी धरण्याची मेकॅनिकांची जुनी रीत आहे. ती चांगलीच आहे, पण शेवटच्या टप्प्यात. सुरुवातीला ती लोखंडाच्या गर्दीत हरवते.

पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: हा आवाज कशाबरोबर बदलतो?

आपल्याकडे न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असताना दुसरं असतं, आणि एक नसताना दुसरं नसतं. दोन्ही बाजू तपासल्या तरच त्यांचा संबंध पक्का. धूर आणि अग्नीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण धावत्या गाडीइतकी या विचाराला सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. कारण गाडीत इंजिनाचे फेरे, चाकांचे फेरे, इंजिनावरची ओढ आणि विजेवर चालणारी यंत्रं या गोष्टी वेगवेगळ्या चालतात आणि त्यांतली एक बदलून दुसरी तशीच ठेवणं आपल्या हातापायात असतं.

सोपी सुरुवात म्हणजे गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, रेस देणं. चाकं थांबलेली आहेत. तरीही आवाज चढत असेल, तर चाकांची बेअरिंगं आणि डिफरन्शिअल एका झटक्यात यादीतून बाद होतात. उलट, मोकळ्या सपाट रस्त्यावर साठच्या वेगात क्षणभर क्लच दाबला (घाटात हे कधीही करू नये), इंजिन खाली आलं आणि आवाज मात्र तसाच राहिला, तर तो चाकांच्या बाजूचा. मग वळणावर लक्ष द्यायचं. गाडीचा भार एका बाजूला गेल्यावर घूं वाढत असेल, तर त्या बाजूचं चाक संशयित. उभ्या गाडीत न्यूट्रलवर येणारा आवाज क्लच दाबताच थांबला, तर नजर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगकडे वळवायची. दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लच बेअरिंगकडे. इंजिनाच्या फेऱ्यांशी काहीच देणंघेणं नसलेली, मागच्या सीटखालून येणारी सपाट गुणगुण बहुधा टाकीतल्या पेट्रोल पंपाची असते.

या तपासणीत एक गोष्ट मला फार सुंदर वाटते, आणि ती गाणं ऐकणाऱ्याला लगेच पटेल. इंजिनाशी बेल्टने किंवा दातांनी बांधलेली वस्तू जो सूर लावते, तो फेऱ्यांच्या प्रमाणातच चढतो. म्हणून आरपीएमचा काटा एक हजारावरून दोन हजारांवर नेला की सूर बरोबर एक सप्तक वर गेला पाहिजे. खालचा सा, वरचा सा. असं झालं, तर तो आवाज फिरणाऱ्या भागाचा. पण एखादा आवाज ठरावीक काट्यावर नुसता मोठा होत असेल आणि सूर मात्र हलत नसेल, तर फिरतं काही बिघडलेलं नाही. एखादा पत्रा किंवा सैल ब्रॅकेट त्या थरथरीला साथ देतोय. यंत्रांच्या कंपनांचा अभ्यास करणारे इंजिनिअर उपकरणांनी हेच मोजतात: एका फेऱ्यामागे किती हिसके. धरणाच्या रस्त्याला लागूनच आयएनएस शिवाजी आहे, नौदलाच्या इंजिनिअरांना आणि खलाशांना 1945 पासून घडवणारी संस्था. तिच्या फाटकावरून जाताना त्या रविवारी मी काटा हजारावर ठेवून गुणगुणत सूर पकडत होतो आणि मग दोन हजारांवर नेऊन ताडून पाहत होतो. सप्तक जुळत होतं.

भुशीला यायचं म्हणजे मुंबईकडून बोरघाट चढावा लागतो. गिअरच्या दातांचा आवाज इंजिन ओढत असताना एक असतो आणि उतारावर गाडीच इंजिनाला ढकलू लागली की दुसरा, कारण दाताची दुसरी बाजू टेकते. बेल्टवरच्या छोट्या बेअरिंगला या चढउताराची फारशी पर्वा नसते. चढावर आणि उतारावर माझी 'कुईं' सारखीच राहिली, म्हणून गिअरबॉक्सही सुटला. आम्ही ज्या धरणाकडे निघालो होतो ते इंजिनांच्याच तहानेसाठी बांधलेलं आहे. 1863 मध्ये बोरघाटातली रेल्वे खुली झाली, 37 फुटांना एक फूट असा तिचा चढ, आणि वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंद्रायणी इथे अडवली. आज त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात लोक बसतात.

पावसाचाही उपयोग झाला. बेल्ट ओरडत असेल तर त्यावर थोडं पाणी उडवून बघतात: आवाज क्षणभर गप्प झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल आणि घसरतोय. भुशीला पाणी उडवायची गरजच नव्हती. साचलेल्या डबक्यातून गाडी गेली, खालून सगळं ओलं झालं, आणि 'कुईं' जशीच्या तशी. म्हणजे बेल्टही नाही. दिवे, ब्लोअर, मागची काच तापवणारी तार असं सगळं एकदम लावून अल्टरनेटरवर भार टाकला. फरक नाही.

सोमवारी लोणावळ्यातल्याच एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी नेली आणि हे सगळं सांगितलं. मेकॅनिकने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. "साहेब, अल्टरनेटर तर नवाच दिसतोय," एवढंच म्हणाला. मग त्याने बेल्ट उतरवला आणि गाडी सुरू केली. आवाज नाही. हाच व्यतिरेक, पान्याने केलेला. लगेच इंजिन बंद केलं, कारण अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो आणि त्याशिवाय इंजिन मिनिटभराहून जास्त चालवणं बरं नाही. त्याने चावी काढून खिशात टाकली, बाह्या वर सारल्या आणि एकेक पुली हाताने फिरवत गेला. अल्टरनेटर गुळगुळीत. पाण्याचा पंप गुळगुळीत. मग अगदी खाली, चाकाच्या बाजूला, बेल्टला वाट दाखवणारी आयडलर पुली. तिच्यावर बोट ठेवताच तो म्हणाला, "हात लावा." बोटाला खरखर लागली, वाळू फिरवल्यासारखी.

ती पुली जिथे आहे तिथे पुढच्या चाकाने उडवलेलं चिखलाचं पाणी थेट पोचतं. रबरी सील म्हातारं झालं की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, कड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. आत आठ छर्रे असले आणि बाहेरच्या कड्यावर एक खड्डा असला, तर पुलीच्या एका फेऱ्यात तीनहून थोडे जास्त हिसके बसतात. आयडलर क्रँकच्या पुलीच्या निम्म्या व्यासाची असेल तर ती इंजिनाच्या दुप्पट फिरते. काटा अडीच हजारांवर असताना सेकंदाला 260 च्या पुढे हिसके होतात, म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक. त्याच्या पटीतले वरचे सूर मिसळून कानाला 'कुईं' ऐकू येते.

नव्या पुलीची किंमत अल्टरनेटरच्या तुलनेत किरकोळ होती. जुनी मी मागून घेतली. घरी आल्यावर ती कानाशी धरून फिरवली, तर आता ब्रॅकेटही नव्हतं आणि इंजिनही नव्हतं, आणि आवाज अगदी लहान, कोरडा, एखाद्या किड्याने पान कुरतडावं तसा होता.

पुढच्या रविवारी पुन्हा धरणाकडे गेलो. चढावर काच खाली, पाऊस बारीक. पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मुलगी मागून ओरडली, "बाबा, परत कुईं!" तिला सांगितलं की रिव्हर्सचा गिअर टाकला आहे. बाकीच्या गिअरांचे दात तिरके असतात, एकमेकांत हळूहळू शिरतात. आपल्या गाडीत रिव्हर्सचे दात सरळ आहेत, ते सगळ्या रुंदीने एकदम आपटतात, म्हणून गाते ती. गाडी घेतली त्या दिवसापासून गाते. मग तिने मला गाडी पुन्हा दोनदा मागे-पुढे घ्यायला लावली आणि दोन्ही वेळा कान देऊन ऐकलं.