मेलेल्यांची नावे

रात्रीचे जेवण आणि खुनाची मालिका ही जोडी आपल्या घराघरांत आता रुळली आहे. ताट हातात, पडद्यावर प्रेत, आणि मध्येच कुणीतरी म्हणते, "थांब, लोणचे घेऊन येते, तोवर पुढे नेऊ नको." काल्पनिक कथांचे एक वेळ सोडून देऊ. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी अनेकांना वाचनाची गोडी लावली, आणि त्या कथांत कुणाच्या खऱ्या आईचा जीव गेला नव्हता. प्रश्न आहे तो खऱ्या खुनांचा. 'सत्य घटनेवर आधारित' असे लिहिले की ज्यांची गोडी आपल्याला उलट अधिकच लागते, त्यांचा.

रामन राघवचे उदाहरण घेऊ. मुंबईत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना डोक्यात जड वस्तूचा घाव घालून मारले जात होते. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून पकडले. (हे आडनाव वाचून आपली मान जराशी ताठ होते, ते साहजिकच आहे.) पुढची हकिकत सर्वांना पाठ आहे. पोलिसांपुढे तो तोंड उघडेना; मग त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाल्यावर डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला, आणि मगच बोलला. त्याला फाशीची शिक्षा झाली. पण तो मनोरुग्ण असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिची जन्मठेप झाली. १९९५ साली पुण्यात तो वारला. त्याच्यावर १९९१ मध्ये एक चित्रपट निघाला. २०१६ मध्ये त्याच्या नावाने आणखी एक आला, आणि त्यात तर त्याची गोष्टसुद्धा नव्हती. नाव तेवढे खपले.

आता आपणच आपल्याला विचारू: त्याने मारलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? कोंबडी आठवते, तेल आठवते, आरसा आठवतो. मेलेले मात्र एक आकडा होऊन बसले आहेत, आणि तोही पक्का नाही. दिवसभर राबून रात्री फुटपाथवर अंग टाकणारी ही माणसे. त्यांचा फोटो कुठे असणार? पत्ता कुठला? सुखवस्तू घरातला माणूस मारला गेला, तर त्याच्यावर चित्रपट काढणाऱ्याला निदान त्याच्या नातेवाइकांची, त्यांच्या वकिलाची धास्ती असते. फुटपाथवर मेलेल्याच्या वतीने कोण कोर्टात जाणार? म्हणून त्याचा मृत्यू फुकटात वापरता येतो. आम्हांला वाटते, या करमणुकीतला खरा अन्याय इथे आहे. रक्त पाहून मन निर्ढावते वगैरे आपण नेहमी बोलतो, तेही खरेच. पण ते झाले आपले नुकसान. ज्याचा जीव गेला, त्याचे आपण काय देणे लागतो?

ही ओढ जुनी आहे. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात अलिपियस या मित्राची हकिकत लिहिली आहे. मित्रांनी त्याला रोममध्ये ओढतच तलवारबाजांचे जीवघेणे खेळ पाहायला नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. कान मात्र उघडे राहिले. गर्दीचा एक मोठा आरडाओरडा झाला, त्याने डोळे उघडले, आणि मग ते मिटवेनात. पुढे तो स्वतःच दुसऱ्यांना तिकडे घेऊन जाऊ लागला. हाच अलिपियस नंतर बिशप आणि संत झाला, हेही सांगायला हवे.

कुणी म्हणेल, आपणही दर गुड फ्रायडेला एका वधाचीच कथा ऐकतो ना? ऐकतो. पण ती मारल्या गेलेल्याच्या बाजूने उभे राहून. खिळे ठोकणाऱ्या शिपायांची नावे शुभवर्तमानात नाहीत. श्रद्धांगीकारात पिलाताचे नाव येते, पण त्याचा स्वभाव, त्याचे बालपण, त्याच्या सवयी यांत आपल्याला रस नसतो. मिस्साच्या पहिल्या युखारिस्त प्रार्थनेत अगाथा, लुसी, अग्नेस अशी रक्तसाक्ष्यांची नावे घेतली जातात. त्यांना मारले कुणी, हे तिथे येत नाही. मारणाऱ्यासाठी आपण प्रार्थना करतो, करायलाच हवी, आणि रामन राघवसारख्या आजारी जीवासाठी तर अधिकच. पण त्याच्या आजाराचा तमाशा करणे ही काही प्रार्थना नव्हे.

मालिका पाहूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. सांगूनही कोण ऐकणार? मात्र पाहता पाहता एवढे विचारता येते: यात मेले कोण? त्यांच्या घरी मागे कोण राहिले? आणि कार्यक्रमात त्याचे उत्तर अजिबात नसेल, तर तो बंद करण्याचे बटण आपल्याच हातात आहे.

२ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी आपण आपापल्या घरच्या मृतांची नावे कागदावर लिहून देतो. यंदा त्या नावांखाली आणखी एक ओळ लिहिता येईल: १९६५ ते १९६८ या काळात मुंबईत फुटपाथवर झोपेत मारले गेलेले. नावांची जागा मोकळीच ठेवावी लागेल.