नव्या जन्माची तारीख

मंडळीच्या नोंदवहींत बाप्तिस्म्याची तारीख लिहिलेली असते. नांव, आईबापांचें नांव, वय, गांव आणि शेवटीं पाळकाची सही. ही नोंद योग्य आहे व ती जपून ठेविली पाहिजे. परंतु त्याच तारखेस त्या मनुष्याचा नवा जन्म झाला असें म्हणतां येईल काय? बाप्तिस्मा झाला, आतां सर्व उरकलें, असें समजून कित्येक स्वस्थ बसतात. उलट कित्येक भाविक बंधुभगिनी, आपण अमुक दिवशीं बदललों असें सांगतां येत नाहीं म्हणून मनांत तळमळतात. या दोघांकरितांही चार शब्द लिहावेसे आम्हांस वाटतात.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. आपल्या देशांत पुनर्जन्म म्हटला म्हणजे, देह पडल्यावर कर्मानुसार मिळणारा दुसरा देह, अशी समजूत आहे. निकदेमानें रात्रीं येऊन जो उपदेश ऐकिला तो निराळा. योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून पाहा. तेथें देह तोच, घर तेंच, शेजारीही तेच. बदलावयाचें तें अंतःकरण, आणि तें बदलणारा पवित्र आत्मा. त्या आत्म्याच्या कार्यास प्रभूनें वाऱ्याची उपमा दिली आहे. वारा कोठून सुटला हें शेतकऱ्यास दिसत नाहीं. पण खळ्यांत उफणणी चालली असतां दाणा एकीकडे व भूस एकीकडे पडूं लागलें, म्हणजे वारा आहे याविषयीं त्यास शंका राहत नाहीं.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडांत वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं झाला. त्या विदुषी होत्या. त्यांनीं पुष्कळ विचार करूनच हें पाऊल टाकिलें. तरी १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या प्रांजळपणें कबूल करितात कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हें त्यांस सुमारें आठ वर्षांनीं उमगलें. एवढ्या थोर बाईस असें म्हणण्यास लाज वाटली नाहीं. मग आपणांस कां वाटावी?

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांचे पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां बाईंवर आकाश कोसळलें. पुढें त्या पतीकडे परत आल्या, तरी सोंवळें सुटेना. मग एके दिवशीं, जाति देवानें केली कीं मनुष्यानें, असा विचार त्यांच्या मनांत सुरू झाला, आणि त्यांनीं कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनीं १९०० सालीं घेतला. म्हणजे एकीच्या बाबतींत पाणी आधीं व उजेड मागून, तर दुसरीच्या बाबतींत उजेड आधीं व पाणी मागून. तारखा जुळल्या नाहींत. फळ मात्र दोघींच्याही जीवनांत दिसलें.

येथें कोणी म्हणेल, "हें आत्म्याचें काम असेल तर आमचा दोष काय? वारा सुटलाच नाहीं तर शेतकऱ्यानें काय करावें?" शेतकरी वारा निर्माण करीत नाहीं हें खरें, पण वाऱ्याची चाहूल लागतांच तो पाटी घेऊन उभा राहतो, दार लावून निजत नाहीं. जक्कयाच्या घरीं प्रभु आपण होऊन गेला. पण अर्धें द्रव्य गरिबांस देण्याचें व लुबाडलेल्याचें चौपट परत करण्याचें वचन जक्कयानें स्वतःच्या तोंडानें दिलें.

आणि नवा जन्म झाला तरी वाढ राहतेच. पेत्र प्रेषित होता. तरी अंत्युखियांत लोकांच्या भीतीनें तो परराष्ट्रीयांच्या पंगतींतून मागें सरला, व पौलास त्यास तोंडावर बोलावें लागलें. यावरून पेत्र प्रभूचा नव्हता असें ठरत नाहीं. जुना मनुष्य सहज मरत नाहीं, एवढें ठरतें.

म्हणून, प्रिय वाचकहो, तारीख आठवत नाहीं याचें दुःख करूं नका. आपण ज्या दिवशीं जन्मलों तो दिवस तरी कोणास आठवतो? आपण जिवंत आहों हें श्वासावरून कळतें. तर स्वतःस असें विचारा: ज्या भावाशीं बांधावरून भांडण आहे, त्याच्या दारीं मी गेलों काय? दुसऱ्या वस्तींतील विश्वासणाऱ्याच्या घरचें पाणी मी आनंदानें पितों काय? रागाच्या भरांत बायकोवर उचललेला हात खालीं आला काय? उपदेशक बंधूंनीं तर हे प्रश्न दुसऱ्यांस विचारण्यापूर्वीं आपणांसच विचारावे. आम्हीही हा लेख लिहितांना ते स्वतःस विचारिले, आणि उत्तर देतांना आमची मान खालीं गेली.

मान खालीं जाणें हीही वाऱ्याची चाहूलच होय. ती लागली असेल, तर आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं गुडघे टेका, आणि सकाळीं उठून प्रथम त्या भावाच्या दारीं जा.