थांबा कोणाचा?

हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे रेल्वेमार्ग नागपूर ते सेवाग्राम या टप्प्यात एकत्र धावतात. याच टप्प्यावर, बुटीबोरी आणि बोरखेडी मागे पडली की सिंदी (रेल्वे) लागते. बंगालचा, पंजाबचा, तामिळनाडूचा, मुंबईचा प्रवासी या गावातून रोज जातो, पण गावाची पाटी वाचायला फारच थोड्यांना सापडते. अक्षरे जुळेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते.

गावाच्या नावापुढचा कंस हौसेचा नाही. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे, तेव्हा पत्त्यात फरक हवाच. जिल्ह्याला ही भानगड जुनी आहे. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि त्यांचे टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागले. शेवटी 1940 मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. महात्म्याच्या गावाचे नाव बदलले ते पोस्टाच्या सोयीसाठी, ही गोष्ट मला फार आवडते. पत्र वेळेवर हाती पडणे हीसुद्धा मोठी बाब असते.

वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. वर्धा शहर वसले 1866 मध्ये आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, त्यामुळे वऱ्हाड-नागपूरच्या पऱ्हाटीवर विलायतेची नजर होती. त्या काळ्या जमिनीतला कापूस पश्चिमेला मुंबई बंदराकडे निघाला. पाणी मात्र उलट दिशेने जाते. या भागात पडलेला पाऊस नाल्या-ओढ्यांनी वणा नदीला मिळतो, वणेतून वर्धेला, तिथून प्राणहितेने गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात. माल अरबी समुद्राकडे आणि पाणी पूर्व समुद्राकडे, असा या गावचा भूगोल.

रुळांनी गावे घडवायची ही तऱ्हा इंग्रजांनी पुढे आफ्रिकेतही नेली. मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम 1896 मध्ये सुरू झाले. तीस हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून नेले होते, रूळ मात्र इथल्यासारखे ब्रॉड गेजचे नव्हे, मीटर गेजचे. डोंगर चढण्याआधीची शेवटची सपाट जागा म्हणून 1899 मध्ये जिथे सामानाचा डेपो टाकला, ते आजचे नैरोबी. त्याच्या पुढे, दीड हजार मीटरहून उंचावर, खचदरीत नैवाशा नावाचे शहर आहे. तिथे गोड्या पाण्याचे सरोवर, युरोपात जाणाऱ्या गुलाबांची शेती आणि शेजारच्या ओल्कारियात जमिनीच्या वाफेवर तयार होणारी वीज. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे 2017 मध्ये धावू लागली. पुढे ती लांबवली आणि त्या वाटेवर कंटेनरांसाठी कोरडे बंदर उभे राहिले. बंदराला नाव नैवाशाचे, पण ते आहे शहरापासून बरेच दूर.

योगायोग असा की, त्याच 2017 साली सिंदीत जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावाशेवा बंदराच्या, कोरड्या बंदराचे भूमिपूजन झाले. समुद्रापासून सातशे-आठशे किलोमीटरवर बंदर म्हटल्यावर हसू येते, पण हिशेब सरळ आहे. कंटेनरची कस्टमची तपासणी इथेच उरकायची, सील लावायचे आणि रेक थेट न्हावाशेव्याला सोडायची. पुढे या योजनेचे मल्टी मोडल लॉजिस्टिक पार्क झाले. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यावर चढायची-उतरायची जागा जवळच, सेलडोहला. कापसाच्या रेल्वेनंतर दीडशे वर्षांनी या परिसरात एवढे मोठे काही आले, याचा आनंद मानायलाच हवा.

आता सकाळी गावातून बाहेर पडणाऱ्या माणसाकडे पाहू. सिंदीला नगरपरिषद आहे, पण तहसीलच्या कामाला सेलूला जायचे, कलेक्टर कचेरीला वर्ध्याला, मोठ्या दवाखान्याला आणि नोकरीला नागपूर नाहीतर बुटीबोरी एमआयडीसी. त्याच्याजवळ बहुधा दुचाकी असते, आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. ट्रॅक्टरलाही. उरली पॅसेंजर. दोन्ही मार्गांच्या एक्स्प्रेस, चंद्रपूरकडचा कोळसा आणि सगळ्या मालगाड्या याच रुळांवर. त्यांना वाट द्यायला पॅसेंजर लूप लाइनवर उभी. डब्यातल्या अपडाउनवाल्यांची ऑफिसची वेळ टळते, पगार कापला जातो. मार्च 2020 मध्ये महामारीपायी देशभरच्या पॅसेंजर बंद पडल्या. परत सुरू झाल्या तेव्हा कित्येक लहान स्टेशनांचे थांबे गेलेले होते, आणि फेब्रुवारी 2024 पर्यंत त्याच डब्यात एक्स्प्रेसचे भाडे मोजावे लागत होते. रोजच्या ये-जा करण्यावर जगणाऱ्या घराला हा फरक किती पडतो, ते भाड्याचे तक्ते आखणाऱ्यांनी एकदा एखाद्या बाईला विचारावे.

वर्षातून एकदा मात्र वाट फिरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदीचा तान्हा पोळा भरतो. माणसापेक्षा उंच लाकडी नंदी चाकांवर ओढत आणतात, आणि ते बघायला वर्धा-नागपूरची माणसे इथे उतरतात.

नागपूर-वर्धा दरम्यान तिसऱ्या-चौथ्या मार्गाची कामे झाली की रुळांवरची गर्दी कमी होईल असे सांगतात. होईलही. पण मोकळी झालेली जागा कंटेनरच्या रेकांनीच भरून टाकायची नसेल, तर ते आताच ठरवायला हवे. लॉजिस्टिक पार्कमध्ये कामाला येणारे हमाल, क्लार्क, ड्रायव्हर हेलिकॉप्टरने येणार नाहीत. नव्या वेळापत्रकात सकाळी नागपूरकडे आणि संध्याकाळी परत, सिंदीला वेळेवर थांबणारी गाडी पक्की करून घ्या. आमदार-खासदारांकडे या वर्षी एवढी एकच मागणी गावाने लावून धरावी.